आठ चॅनलचा मिक्सर घेतला, आता गेन अन् फेडर दोन्ही कायले? (कोजागिरीच्या आत सांगा राजेहो)

मानेवाडा एक्सप्रेस | रात्री १०:१२

राजेहो, नमस्कार. आमचं कॉलनीचं भजनी मंडळ आहे, नागपूरले मानेवाड्याकडे. आतापर्यंत एक जुना ॲम्प्लिफायर होता, मागून तीन माईक लावायचे, समोर तीन बटणं, ज्याचा आवाज कमी पडला त्याचं बटण फिरवा, संपला विषय. यंदा वर्गणी बरी जमली तं कोषाध्यक्षांनी ओळखीतून आठ चॅनलचा सेकंडहँड मिक्सर आणला अन् "तू इंजिनियर आहेस ना" म्हणून माझ्या गळ्यात मारला. मी सिव्हिलचा आहे हो.

प्रत्येक चॅनलवर वरून खाली बटणांची लाईन लागली आहे. गेन, मग हाय-मिड-लो, मग ऑक्स, एफएक्स, पॅन, मग पीएफएल लिहिलेलं एक बारकं बटण अन् सगळ्यात खाली सरकवायचा फेडर. बाकीचं नंतर पाहू, माझा पहिला प्रश्न साधा आहे. गेन वाढवला तरी आवाज वाढते, फेडर वर नेला तरी आवाज वाढते. मग दोन कायले दिले? परवा प्रॅक्टिसला गेन कमी अन् फेडर पूर्ण वर ठेवला तं मागे नुसतं सूंऽऽऽ. उलटं करून पाहिलं तं गाणाऱ्याचा आवाज फाटला, जणू डब्यात तोंड घालून गाऊन राहिला. मधे कुठंतरी बरा येते पण तो मध दर वेळी सापडत नाही.

माणसं: दोन गाणारे, एक पेटी, एक तबला, एक खंजिरी. माईकचे पॉईंट चारच (बाकी चार चॅनल स्टिरिओ आहेत म्हणे). कोजागिरीला १२ दिवस आहेत.

निवांत नंदू | रात्री १०:२०

मॅन्युअल वाचावे.

मानेवाडा एक्सप्रेस | रात्री १०:२३

@नंदू, सेकंडहँड आहे भाऊ. मॅन्युअल तं सोडाच, खालच्या झाकणाचे दोन स्क्रू पण नाहीत.

शून्य डीबी | रात्री ११:०५

प्रश्न साधा नाही, हाच मुख्य प्रश्न आहे. साऊंडवर बसणाऱ्या निम्म्या लोकांना याचं उत्तर नीट देता येत नाही, आवाज मात्र कसाबसा काढतात.

माईकमधून येतं ते फारच थोडं असतं. साधा डायनॅमिक माईक, समजा आपला नेहमीचा एसएम ५८ (१९६६ पासून चालू आहे तो), त्याच्यासमोर मोठ्याने बोललं तर एक-दोन मिलिव्होल्ट मिळतात. मिक्सरच्या आतल्या सगळ्या भानगडीला साधारण एक व्होल्टच्या आसपास माल लागतो. तेवढा फुगवायचं काम गेनचं. छोट्या मिक्सरवर सुद्धा तो ५०-६० डीबी (डेसिबल) वाढवू शकतो, ६० डीबी म्हणजे व्होल्टेज हजार पट. फेडरचं तसं नाही. त्याच्या बाजूला शून्य लिहिलेलं आहे बघा, पूर्ण तळाला किंवा पूर्ण वर नाही, वरून थोडं खाली. तिथे ठेवला की आलेला माल जसाच्या तसा पुढे जातो. त्याच्यावर फक्त १० डीबी शिल्लक असतात. खाली मात्र पार बंद होईपर्यंत.

म्हणून तुमचं पहिलं सूंऽऽ आलं. गेन कमी होता म्हणून माईकचा आवाज मिक्सरच्या स्वतःच्या खरखरीच्या जेमतेम वर होता आणि नंतर फेडरने, मास्टरने, ॲम्पने दोघांनाही सारखंच वाढवलं. दुसऱ्या वेळी गेनपाशीच आवाज कापला गेला, वरचा डोंगर सपाट. तो नंतर फेडर खाली आणून जोडता येत नाही. फाटका आवाज हळू येतो इतकंच.

आता कसं लावायचं. फेडर पूर्ण खाली. त्या चॅनलचं पीएफएल दाबा, म्हणजे मीटरवर फेडरच्या आधीचा तेवढाच चॅनल दिसेल. गाणाऱ्याला कार्यक्रमात गाईल तसं गायला लावा, "हॅलो चेक वन टू" नको, तो कोणाचाच खरा आवाज नसतो. गेन हळूहळू वर, मीटर शून्याच्या आसपास नाचू द्या, लाल पीक दिवा लागायला नको. लागलाच तर थोडा मागे. पीएफएल काढा. मग फेडर वर. झालं.

पीएफएल काढायला विसरू नका. बऱ्याच छोट्या मिक्सरवर ते दाबलेलं राहिलं की मुख्य मीटर एकाच चॅनलचं दाखवतो आणि तुम्ही डोकं खाजवत बसता.

तर्री_प्लस | रात्री ११:३१

शून्य भाऊंनी बरोबर सांगितलं पण लय लंबं सांगितलं. पोह्यावरून समजा. गेन म्हणजे गंजात तर्री शिजून राहिली ते. फेडर म्हणजे गिऱ्हाईकाच्या प्लेटमधे किती वाढायची ते. गंजातच जळली तं पोह्यावर अर्धा चमचा टाका का पाव चमचा, जळकीच लागन. अन् गंजात पाणीच पाणी असन तं दहा चमचे टाकले तरी चव नाही, नुसते पोहे ओले.

वैदर्भी | रात्री ११:४०

हाहा, तर्री_प्लस! हे मी आमच्या क्लासच्या मुलींना सांगणार.

माझं शून्य डीबींना अनुमोदन, गाणारीच्या बाजूने. साऊंड चेकला आम्हाला दोन ओळी म्हणायला लावतात, आपण मध्य सप्तकात, आवाज गरम व्हायच्या आधी, लाजत लाजत म्हणतो. त्यावर गेन लावतात. मग रंगात आल्यावर तार षड्ज लागला की फाटतं आणि नाव गाणारीचं खराब होतं. मी आता स्वतःच सांगते, दादा थांबा, वरचा सूर ऐका आधी, मग तुमचं बटण फिरवा.

ओल्ड मंगळवारी | सकाळी ७:१५

सकाळच्या चहासोबत वाचलं. पोरांनो, एवढं पुस्तकी कशाला. मी ३० वर्षं हेच करत आलो आहे, लग्नं, शाळांची गॅदरिंगं, वडश्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांना रात्र रात्र बसलो आहे. माझी पद्धत सांगतो. सगळे फेडर शून्यावर एका रांगेत ठेवायचे, मास्टर पण शून्याच्या जवळ. आता ज्याचा आवाज जेवढा पाहिजे तेवढा गेनने आणायचा. फायदा काय, तर कार्यक्रम सुरू असताना अंधारात एक नजर टाकली की कळतं कोण जागेवरून हललं. काही बिघडलं तर सगळे परत रांगेत आणायचे. माझा एकही कार्यक्रम फाटला नाही.

शून्य डीबी | सकाळी ९:०२

काका, तुमच्यापुढे बोलायची माझी लायकी नाही, पण एकच. अर्धी गोष्ट तुमची बरोबर आहे आणि लोक ती विसरतात. फेडरच्या पट्टीवरचे आकडे सारख्या अंतरावर नसतात. शून्याच्या आसपास १० डीबी जागा चांगली बोटभर असते, तळाशी तेवढ्याच जागेत तीस-चाळीस डीबी कोंबलेले असतात. म्हणजे फेडर तळाजवळ ठेवून काम केलं तर जरासा धक्का लागला की आवाज गायब नाहीतर एकदम अंगावर. त्यामुळे शून्याजवळ राहायचं हे शंभर टक्के मान्य.

पण चालू कार्यक्रमात गेन फिरवायचा हे मला पटत नाही. मॉनिटरला, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरला, जाणारा ऑक्स प्री-फेडर असेल, म्हणजे फेडरच्या आधीच निघत असेल, तर गेन वाढवला की पब्लिकसोबत मॉनिटर पण वाढतो. गाणाऱ्याच्या पुढ्यातला डबा अचानक चढतो, त्याचा आवाज परत माईकमधे शिरतो आणि शिट्टी. फेडर वाढवला तर मॉनिटरला पत्ताही लागत नाही.

ओल्ड मंगळवारी | सकाळी ९:२०

मॉनिटर? आमच्या वेळी मॉनिटर म्हणजे वर्गात फळा पुसणारा.

मानेवाडा एक्सप्रेस | दुपारी १:१०

जेवताना वाचून राहिलो, ऑफिसात एकटाच हसून राहिलो. पीएफएलचं आत्ता समजलं, मी ते आजवर पॉवरचं काहीतरी समजत होतो.

माझ्या मिक्सरवर ऑक्स अन् एफएक्स दोन वेगळे नॉब आहेत. ऑक्सच्या खाली बारीक अक्षरात "प्री" लिहिलं आहे, एफएक्सखाली "पोस्ट". मॉनिटर ऑक्सवर द्यायचा ना मग?

शून्य डीबी | दुपारी १:४४

बरोब्बर. आणि एको एफएक्सवर, तो पोस्टच पाहिजे. नाहीतर फेडर खाली आणला तरी एको घुमतच राहतो, माणूस घरी गेला आणि त्याचं भूत गातंय असं. एको कमी ठेवा ही हात जोडून विनंती. भजनातला एकही शब्द कळत नाही, नुसतं विठ्ठल-ठ्ठल-ठ्ठल.

खंजिरीवाला | दुपारी ३:२६

आता माहा विषय आला. एक्सप्रेस भाऊ, तुमच्याकडे चार पॉईंट अन् पाच वाजवणारे. खंजिरीले माईकच देऊ नका. आमच्या घरी तुकडोजी महाराजांची भजनं, लहानपणापासून मोझरीला जाणं-येणं, खंजिरी काय असते ते मले माहीत आहे. शेदीडशे माणसापर्यंत थे कोणाच्या बापाले ऐकत नाही. उलट गाणाऱ्याच्या माईकमधून थे फुकटात जातेच. खंजिरीवाल्याले गाणाऱ्यापासून दोन-तीन हात लांब बसवा अन् माईकच्या पाठीमागच्या अंगाले बसवा. एवढंच करा.

शून्य डीबी | दुपारी ३:५०

@खंजिरीवाला, एकदम मान्य. पाठीमागे बसवायचं कारण, हे माईक समोरचं ऐकतात, पाठीमागचं कमी. मॉनिटर पण त्याच कारणाने माईकच्या थेट पाठीशी ठेवतात. आणि माईक वाढले की शिट्टीची भीती वाढते. चालू माईक एकाचे दोन झाले की साधारण ३ डीबी गमावले, दोनाचे चार झाले की अजून ३. जो वापरात नाही त्याचं म्यूट दाबा. म्यूट नसेल तर फेडर तळाला.

अजनीचा पूल | संध्याकाळी ६:०८

धागा भारी चालू आहे. माझं एक विचारून घेतो, असाच मिक्सर आमच्या फ्लॅट स्कीममधे आहे. पोराच्या वाढदिवसाला लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर काढून पहिल्या चॅनलला लावली, दुसऱ्या टोकाला जाडा जॅक होता. म्युझिक वाजते मस्त, पण गाणारा गायब! लांबून कुठंतरी विहिरीतून आल्यासारखा त्याचा एको तेवढा येते. तीन गाणी बदलून पाहिली, तिन्हीत तेच. बायको म्हणे लॅपटॉपमधे व्हायरस आहे.

चहा_आणि_चाळीस | संध्याकाळी ६:३०

व्हायरस नाही हो, फुकटात कराओके झालं. तुमच्या जाड्या जॅकवर दोन काळ्या रेघा आहेत ना? म्हणजे त्यात लेफ्ट वेगळा, राईट वेगळा. पण माईक चॅनलचं जॅकचं भोक बॅलन्स्ड असतं, ते दोघांची बेरीज करत नाही, वजाबाकी करतं. मुद्दामच तसं बनवलेलं, कारण बॅलन्स्ड वायरीत एकच आवाज सुलटा आणि उलटा असा दोन तारांतून येतो आणि वाटेत शिरलेली घरघर दोन्ही तारांत सारखी असते, वजाबाकीत ती मरते. तुमच्या गाण्यात गायक बरोबर मधोमध, दोन्ही बाजूला सारखा. तो पण घरघरीसोबत मेला. एको दोन्हीकडे थोडा वेगवेगळा असतो म्हणून तो वाचला.

बर्डीवर "वाय" केबल मिळते, एका बाजूला बारीक स्टिरिओ, दुसऱ्या बाजूला दोन सुटे मोनो जॅक. ते पाच-सहा नंबरच्या स्टिरिओ चॅनलला लावा, एक लेफ्ट, एक राईट.

अजनीचा पूल | संध्याकाळी ६:३४

बाप्पा रे. दीड वर्ष मी लॅपटॉपला शिव्या दिल्या.

चहा_आणि_चाळीस | संध्याकाळी ६:४१

अजून एक, चार्जर लावल्यावर घूंऽऽ येत असेल तर थोडा वेळ बॅटरीवर चालवून पहा. गेला तर दोष अर्थिंगच्या चकरीचा आहे, मधे डीआय बॉक्स लावा, तो आवाज जाऊ देतो पण दोन्हीकडची अर्थिंग तोडतो. कोणी सांगेल की प्लगची वरची जाडी पिन मोडून टाका, घूं जाते. घूं जाते खरी, पण एखाद्या दिवशी ओला माणूस माईक धरेल आणि तो पण जाईल. हे करू नका.

निवांत नंदू | रात्री ८:१५

मूळ धागाकर्त्याने हाय-मिड-लोबद्दल विचारलेच नाही. सर्वात जास्त घोळ तिथे होतो.

वैदर्भी | रात्री ८:२९

नंदू पहिल्यांदा कामाचं बोलला. :)

हायचं बटण दिसलं की प्रत्येकाला ते वर करायची घाई. मग माझा "स" टोचतो, "च" कानात जातो, पेटीच्या भात्याची फसफस ऐकू येते. सगळी बटणं मधे, बारा वाजता ठेवून आधी ऐका तरी.

शून्य डीबी | रात्री ९:१०

छोट्या मिक्सरवर बहुतेक असं असतं: हाय म्हणजे १०-१२ हजार हर्ट्झच्या वरचं, मिड अडीच हजाराच्या आसपास, लो म्हणजे ८०-१०० च्या खालचं, तिन्ही १५ डीबी वर किंवा खाली. १५ डीबी फार होतात, तीन-चारचीच गरज लागते. नॉब बाराचा एक-दीडपर्यंत गेला म्हणजे पुष्कळ झालं.

माझा नियम, वाढवायच्या आधी कमी करून पहा. आवाज टोचतो तर मिड थोडा खाली. गाणाऱ्याच्या तोंडातून धप-धप येते तर "लो कट"चं बटण दाबा, लोचा नॉब फिरवू नका, दोन्ही वेगळे. लो कट ठराविक जागेच्या खालचं झपकन कापतो, ७५, ८० किंवा १०० जे तुमच्या मिक्सरवर लिहिलं असेल ते. गाणाऱ्यांना दाबा, पेटीला दाबा. तबल्याला दाबू नका. डग्ग्याचा घुमारा खालीच राहतो, तो कापला की तबला पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो आणि तबलजी तुमच्याकडे रागाने बघतो.

आणि ते भूंऽऽ येतं ना, बारीक शिट्टी नाही तर जाड, दोन-तीनशे हर्ट्झचं? ते लोच्या नॉबने नीट जात नाही, मिडच्या पण हाती लागत नाही, दोघांच्या मधल्या गल्लीत बसलेलं असतं. तिथे एकच इलाज, डबा हलवा किंवा मॉनिटर कमी करा.

तर्री_प्लस | रात्री ९:१८

दोन-तीनशे हर्ट्झवाला भूं म्हणजे आमचे शेजारी, कूलर बंद केल्यावर घोरते ते.

ओल्ड मंगळवारी | रात्री ९:३५

पॅनबद्दल, म्हणजे आवाज डावीकडे की उजवीकडे पाठवायच्या बटणाबद्दल, कोणी बोललं नाही. एक्सप्रेस, तुझा ॲम्प एकच आहे का? मिक्सरची एकच बाजू त्याला गेली असेल तर पॅन सगळे मधोमध ठेव, चिकटपट्टी लाव. नाहीतर कोणी पोट्टा खेळता खेळता तबल्याचा पॅन उजवीकडे फिरवतो, वायर फक्त डावीकडून निघाली आहे, अन् तू वायर तपासत बसतो.

मानेवाडा एक्सप्रेस | रात्री १०:०२

काका, तुम्ही आमच्या प्रॅक्टिसला येऊन गेले का? हेच झालं मागच्या गुरुवारी! तबल्याची केबल बदलली, माईक बदलला, तबलजी बदलायचा तेवढा राहिला होता.

अजून एक भीती. वर लाल अक्षरात +४८ व्ही लिहिलेलं बटण आहे, ते दाबलेलंच होतं पहिल्या दिवसापासून. आमचे माईक साधे आहेत. जळले का?

चहा_आणि_चाळीस | रात्री १०:११

नाही जळले. तीन पिनची कॅनन केबल नीट असेल तर दोन आणि तीन नंबरच्या पिनवर सारखेच ४८ येतात, मधल्या कॉईलला फरकच जाणवत नाही. हे कंडेन्सर माईकसाठी असतं, त्याला चालायला वीज लागते. तुमच्याकडे नाही तर बंद ठेवा. दाबताना-काढताना मास्टर खाली आणा, नाहीतर डब्यात धाड! होईल आणि कॉलनीतली कुत्री जागी होतील.

निवांत नंदू | रात्री १०:१९

कार्यक्रम कोजागिरीचा आहे. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे हे लक्षात आहे ना? ध्वनिप्रदूषण नियम २०००. रहिवासी भागात दिवसा ५५ डीबी, रात्री ४५.

खंजिरीवाला | रात्री १०:२४

४५ मधे तं दूधही उकळत नाही भाऊ.

वैदर्भी | रात्री १०:३१

नंदूचं बरोबर आहे हो. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यात कोजागिरी आहे की नाही ते आपल्या जिल्ह्याच्या यादीत पाहून घ्या आणि ठाण्यात परवानगी काढा. आमच्याकडे आम्ही साडेसातलाच सुरू करतो. दहाला मिक्सर बंद, पुढे गच्चीवर नुसती पेटी. खरं सांगू, तेच जास्त रंगतं.

(यानंतर मसाला दुधात जायफळ की चारोळी यावर १४ प्रतिसाद झाले, ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. — संपादक)

मानेवाडा एक्सप्रेस | १३ दिवसांनी, सकाळी ११:०५

कार्यक्रम झाला! वृत्तांत देणं कर्तव्य आहे म्हणून लंबं लिहून राहिलो.

संध्याकाळी सहाला सगळं मांडलं. खंजिरीला माईक नाही दिला, आमचे खंजिरीवाले आधी रुसले मग त्यांचाच आवाज सगळ्यात जास्त आला तेव्हा खुलले. चारही चॅनल पीएफएल लावून एक एक केले. वैदर्भी ताईंचं ऐकून गाणाऱ्यांना वरचा सूर म्हणायला लावला, एकाचा गेन त्यापायी बराच मागे घ्यावा लागला, नाहीतर रात्री नक्की फाटला असता. गेनच्या बाजूला पांढरी टेप लावून खुणा केल्या. फेडर सगळे शून्याच्या थोडे खाली. पहिल्या भजनात मला करायला कामच नव्हतं, मी नुसता हात बांधून बसलो, लोकांना वाटलं काहीतरी बिघडलं आहे.

मग अध्यक्ष आले. आमचे अध्यक्ष काका माईक हाती घेतला की आधी टकटक, मग फूऽ फूऽ, मग माईकचं मुंडकं पूर्ण मुठीत धरून बोलते. मुठीत धरलं की कूंऽऽ. सोडलं की बंद. परत धरलं की कूंऽऽ. मी हातवारे करून राहिलो, त्यांना वाटलं मी हात जोडून नमस्कार करून राहिलो, त्यांनी पण केला.

शून्य डीबी | सकाळी ११:१९

माईकच्या जाळीमागे बारीक फटी असतात, पाठीमागचा आवाज मारायचं काम त्याच करतात. मुठीने त्या बंद झाल्या की माईक चारी दिशांचं ऐकायला लागतो, मॉनिटरचं पण. काकांना दांडा धरायला शिकवा.

मानेवाडा एक्सप्रेस | सकाळी ११:५२

काकांना कोण शिकवणार? त्यांचं भाषण संपेपर्यंत त्यांचा ऑक्स मी शून्य केला.

आता मूळ प्रश्नावर. नवाच्या सुमारास एका आजींनी अभंग म्हणायचं ठरवलं, ऐनवेळी. ज्या माईकवर आमचा सगळ्यात दणकट गाणारा गात होता त्याच माईकवर. आजींचा आवाज एकदम बारीक. फेडर शून्याच्या वर नेला, पूर्ण १० पर्यंत नेला, तरी मागच्या खुर्च्यांना ऐकू नाही आलं. तेव्हा मला खरं समजलं की फेडर कुठपर्यंत पुरते. मग मंगळवारी काकांना आठवून गेन वाढवला. ऐकू आलं दोन ओळी. तिसऱ्या ओळीला मॉनिटरने शिट्टी मारली, अगदी शून्य भाऊंनी सांगितलं तशीच.

शेवटी काय केलं, उठून स्टेजवर गेलो अन् माईकचा स्टँड आजींच्या तोंडाजवळ सरकवला, एक वीत होता तो अर्धी वीत केला, अन् गेन जागेवर आणला. आलं सगळं. आजींनी मान पण नाही वर केली, गात राहिल्या.

चहा_आणि_चाळीस | दुपारी १२:०३

अंतर निम्मं म्हणजे ६ डीबी जास्त, आणि शिट्टीला एक पैसा न देता. कडक काम केलं.

ओल्ड मंगळवारी | दुपारी १२:२०

गेन वाढवताना ऑक्स तेवढाच उतरवायचा असतो रे. दोन हात कशासाठी दिले आहेत? पण माईक जवळ नेला हे माझ्या डोक्यातही पटकन आलं नसतं. मी आपला बसल्या जागेवरून उठत नाही, हे खरं.

शून्य डीबी | दुपारी १२:२८

काका, हे लिहून ठेवतो. तारीख टाकून.

वैदर्भी | दुपारी १२:४५

आजींचा अभंग कोणी रेकॉर्ड केला का? आणि दुधाचं काय झालं, वृत्तांतात दूध आलंच नाही.

मानेवाडा एक्सप्रेस | दुपारी १:०२

रेकॉर्ड नाही झाला ताई, तेवढ्या घाईत कोणाला सुचलं नाही.

दुधाचं विचारू नका. शेगडीवर लक्ष ठेवायची ड्युटी माझ्या भावाची होती, मी त्याला म्हटलं दोन मिनिटं इकडे ये अन् हा लाल दिवा पाहत राह, लागला की सांग. तो इमानदारीने अर्धा तास दिवाच पाहत राहिला. दिवा एकदाही नाही लागला. गंजात दूध मात्र खाली बम लागलं.

खंजिरीवाला | दुपारी १:०६

मंग? फेकलं का?

मानेवाडा एक्सप्रेस | दुपारी १:०८

फेकते कुठं, वीस लिटर होतं. सगळ्यांना अर्धा अर्धा कप दिलं.

तर्री_प्लस | दुपारी १:०९

अर्धा दिलं तरी जळकंच लागलं असन ना बे!